सदाशिवची सुट्टी

हुतात्मा हसरा लिहिला तर त्याचा अपमान होतो का? होतो म्हणणाऱ्यांनी आमच्या लान्स नायक सदाशिवला ऐकायला हवं होतं.

आम्ही दोघं एका मराठी पलटणीत सिग्नलर होतो. पोस्टिंग सीमेवरच्या बर्फाळ चौकीवर. तो काशीतल्या मराठी घरातला, दूधविनायकाच्या गल्लीतला. बनारसात दूधवाल्यापासून वकिलापर्यंत सगळेच ‘गुरू’, त्यामुळे फोनवर तो कंपनी कमांडर मेजरसाहेबांनाही गुरू म्हणायचा. पाठीवर ओझं घेऊन पळायची शिक्षा झाली, तरी सवय गेली नाही.

एका सकाळी तोफांचा मारा सुरू झाला. टेलिफोनची लाईन तुटली. पुढच्या खंदकातल्या तुकडीला माघारीचा हुकूम पोचेना. सदाशिव तार जोडायला बाहेर पडला. काही वेळाने माझ्या फोनवर आवाज आला.

“का गुरू, ऐकू येतंय?”

मेजरसाहेबांनी रिसीव्हर घेतला. “येतंय, गुरू. परत ये.”

तो आला नाही. लाईन चालू राहिली. तुकडी सुखरूप मागे आली.

पलटण सोडल्यावर मी त्याच्यावर कादंबरी लिहिली. चौकी आणि बाकीची माणसं कल्पनेतली, पण नाव त्याचंच हवं होतं. त्याच्या आईंनी नको म्हटलं असतं तर मी कादंबरी छापणार नव्हतो. म्हणून काशीला जाऊन घरच्यांना ती वाचून दाखवली.

त्याचे काका दशाश्वमेध घाटावर यात्रेकरूंची पूजा सांगतात. ते ‘गुरू’पाशीच अडले. “शहीद आहे तो. जरा गंभीर कर. शेवटी त्याच्या तोंडी एखादं भाषण दे.”

भाषणं पुढारी करतात, सदाशिवने तार जोडली, असं मी सुनावलं.

आई तोंडाला पदर लावून हसत होत्या. “भावजी, गंभीर तो फक्त तुमच्यापुढे असायचा.” मग माझ्याकडे वळल्या. “कादंबरीत मनचं, न घडलेलंही लिहिता येतं ना रे?”

“येतं.”

“मग नाव लिही. पण त्याला एकदा सुट्टीवर घरी आण. रद्द झाली होती ती.”

मग सगळं घरच लिहायला बसलं. बहिणीने त्याला कचौडी-जिलेबी खाऊ घातली, आईंनी वर पुरणपोळी वाढली. काकांनी त्याला शिंदे घाटावर पोहायला नेलं आणि शर्यत स्वतःच जिंकली.

“काका, एवढं झूठ नको,” बहीण म्हणाली. काका ऐकेनात. मीही खोडलं नाही.

तुमच्या गल्लीतही असं एखादं घर असेल. फोटोला हार घालून परत फिरू नका. बसा. तो कशावर हसायचा ते विचारा. आणि त्या घराबरोबर बसून त्याला एक दिवसाची सुट्टी लिहून द्या.