लीडाबाईंचे चाळीस थेंब

लीडाबाईंच्या कोठीतला समुद्र मी मिनिटभरात पांढराफटक करून टाकला.

काम साधं होतं. त्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात गेल्या होत्या आणि तीन दिवस त्यांच्या मत्स्यालयाची देखभाल मी, त्यांच्या शेजाऱ्याने, करायची होती. कोठीच्या दारावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात चिठ्ठी होती. 'निळ्या झाकणाची बाटली सकाळी, चाळीस थेंब. पांढऱ्या झाकणाची संध्याकाळी, चाळीस थेंब. दोन्ही एकदम नाही.' शेवटच्या तीन शब्दांखाली तीन रेघा.

दोन दिवस मी इमानेइतबारे थेंब मोजले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी टीव्हीवर आइस हॉकीचा सामना होता. टीव्ही नवाकोरा, बैठकीची अर्धी भिंत व्यापणारा. ऐन सामन्यात सोफ्यावरून उठायचं जिवावर आलं असतं. म्हटलं, डॉक्टरच्या पाच गोळ्या आपण एकदम गिळतो, त्या काही पोटात भांडत नाहीत. दुपारीच सकाळी राहून गेलेली निळी आणि संध्याकाळची पांढरी, एकीपाठोपाठ एक, एकाच कोपऱ्यात ओतली. तीही मोजून नाही, अंदाजाने. बघता बघता दोन्ही औषधांचा चुना होऊन पाणी भिंती रंगवायच्या बादलीसारखं झालं. आत बशीएवढं हिरवं प्रवाळ होतं, ते दिसेनासंच झालं.

दुसऱ्या दिवशी लीडाबाई एका डोळ्यावर पट्टी बांधून घरी आल्या. उघड्या डोळ्याने त्यांनी आधी टाकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"शेजारी, सामना कोणी जिंकला?"

"आपण हरलो."

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि माझ्या हातात बादली दिली.

आम्ही ओस्त्रावाची, चेक देशातल्या या खाणींच्या शहराची माणसं तशीही मोजकंच बोलतो. पण लीडाबाईंनी एकतीस वर्षं कोळशाच्या खाणीच्या दिवाघरात काढलेली. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला नंबराचा दिवा द्यायचा आणि पाळी संपली की परत घ्यायचा. कुठला दिवा आला नाही हे त्यांना वही न उघडता कळायचं. खाण बंद पडली, ही सवय मात्र बंद पडली नाही. कोणी काय नेलं आणि परत आणलं नाही, हे त्यांच्या डोक्यात अजून खुंटीला टांगलेलं असतं.

त्यातली पहिली खुंटी ओल्डा वाव्राची.

लीडाबाईंचे यजमान रुडा खाणीतून छातीत धूळ घेऊन निवृत्त झाले आणि उरलेला श्वास त्यांनी तीनशे लिटरच्या एका टाकीवर खर्च केला. खाऱ्या पाण्यातलं ते हिरवं प्रवाळ त्यांनी नखाएवढ्या कणापासून वाढवलं. सहा वर्षांपूर्वी ते गेले. आठव्या दिवशी त्यांचा जिवलग मित्र ओल्डा, म्हणजे आमच्या मत्स्यालय मंडळाचा अध्यक्ष, दोन माणसं घेऊन दारात हजर.

"लीडा, तू आता छोट्या घरात जाणार. तिथे जागा नाही. आणि हे कॅल्शियमचं गणित बायकांचं काम नव्हे," असं म्हणून तो टाकी घेऊन गेला. नेताना प्रवाळाचं अंगठ्याएवढं टोक मोडलं, तेवढं काकडीच्या लोणच्याच्या बरणीत घालून त्याने त्यांच्या हातात दिलं. "आठवण म्हणून ठेव."

पुढच्या वर्षी मंडळाच्या प्रदर्शनात त्या टाकीवर पाटी होती : 'ओल्डाचा हिरवा'.

 माझ्या शेजारच्या एका खोलीच्या घरात लीडाबाई राहायला आल्या. अडीच फूट रुंदीच्या कोठीत, पिठाचा डबा आणि नासपतीच्या बरण्या यांच्यामध्ये तीस लिटरची टाकी बसवली आणि ते टोक तिच्यात सोडलं. प्रवाळ आपली हाडं पाण्यातल्या कॅल्शियमची बांधतं. समुद्रात त्याला तोटा नसतो. तीस लिटरमधलं ते रोज चाटून पुसून घेतं. मोठ्या टाकीवाले त्यासाठी यंत्र लावतात. लीडाबाईंकडे यंत्राला जागा नव्हती, म्हणून औषधाच्या दुकानातला डोळ्यात थेंब घालायचा ड्रॉपर. सहा वर्षं, रोज दोनदा, चाळीस थेंब.

"एवढा खटाटोप कशासाठी?" मी एकदा विचारलं होतं.

"ओल्डाला लागेल कधीतरी," त्या म्हणाल्या होत्या.

यंदा फेब्रुवारीत ते 'कधीतरी' आलं. ओल्डा गावाबाहेरच्या सुट्टीच्या घरी शनिवार-रविवार घालवायला गेला असताना त्याचं यंत्र अडकलं आणि कॅल्शियमचा अख्खा कॅन टाकीत रिकामा झाला. एक जीव वाचला नाही. मे महिन्यात प्रदर्शन. आणि तो हिरवा सबंध शहरात आता फक्त एका कोठीत होता. सहा वर्षं थेंबाथेंबाने पिकवलेला सूड, आणि ऐन काढणीच्या आठवड्यात त्यावर मी पांढरं पाणी फिरवलं होतं.

पाच दिवस मी बादल्या वाहिल्या. थोडं पाणी काढायचं, थोडं घालायचं. सहाव्या दिवशी प्रवाळ दिसलं. कडा पावाच्या कडेसारखी कोरडी पडली होती, पण मध्ये हिरवं जिवंत होतं.

रविवारी ओल्डा आला, कोलाचे म्हणजे सारण भरलेल्या गोड पावांचा खोका घेऊन. त्याने दारात बूट काढले. पाहुण्यांच्या सपातांमधून लीडाबाईंनी त्याच्यापुढे गुलाबी जोड टाकला, सर्वांत लहान. टाचा बाहेर ठेवून तो आत आला.

"लीडा, तू तर तरुण दिसायला लागलीस."

"पट्टी मला आहे, ओल्डा. तुला नाही."

"एक तुकडा हवा होता गं. आपल्या मंडळाची रीतच आहे, एकाचं मेलं तर दुसऱ्याने द्यायचं."

"आहे ना रीत. जा, बघून घे."

ओल्डा आडवा होऊन कोठीत शिरला. पोट बरण्यांना टेकलं, पाठ पिठाच्या डब्याला. लीडाबाई दारातच उभ्या राहिल्या, त्यामुळे त्याला बाहेर पडायला वाट उरली नाही.

"छान वाढवलंस. कॅल्शियम कितीवर ठेवतेस?"

"मला कुठलं गणित येतंय. मी थेंब मोजते."

आत एक बरणी खडखडली.

"तुकडा मिळेल," लीडाबाई म्हणाल्या. "पाटीवर रुडाचं नाव लागेल. आणि त्याची टाकी परत येईल."

"टाकी भिंतीत बसवलीय लीडा, आता ती निघायची नाही."

"प्रदर्शनाला बरी निघते. मग तिथे रिकामी मांड. लोक मासे नसले तरी बघतात."

"तू फार वाईट झालीस."

"वेळ होता मला. आणि हे बघ, प्रवाळ जरा थकलंय, महिनाभर तोडता यायचं नाही." इथे मी छताकडे पाहू लागलो. "माझा डोळाही अजून धड नाही. सकाळ-संध्याकाळ येऊन थेंब तू घालायचे. चमच्यात मोजायचे, मोठ्याने."

महिनाभर मंडळाचे अध्यक्ष दिवसातून दोनदा गुलाबी सपाता घालून आमच्या जिन्याला आकडे ऐकवत होते. लीडाबाई दाराशी स्टुलावर बसून बटाटे सोलायच्या.

"सदतीस, एकोणचाळीस..."

"अडतीस खाल्लास. चमचा बाटलीत ओत. पहिल्यापासून."

खालच्या मजल्यावरची मुलं शाळेत जाताना चाळीसपर्यंत घडघडा म्हणू लागली.

मेच्या पहिल्या रविवारी लीडाबाईंनी प्रवाळाचं एक टोक मोडलं आणि काकडीच्या बरणीत घातलं. बरणी तीच. सहा वर्षं धुऊन ठेवलेली.

"एवढंसंच?" ओल्डा म्हणाला.

"आठवण म्हणून ठेव."

त्याने बरणी छातीशी धरली आणि तो खाली गेला. खाली टेम्पो उभा होता. त्यातून दोन माणसं रुडाची टाकी उतरवत होती आणि ओल्डा त्यांना, कडा सांभाळा रे, म्हणत होता. आम्ही दोघं खिडकीतून बघत होतो. लीडाबाईंचे आता दोन्ही डोळे उघडे होते.

"लीडाबाई, वसूल केलंत सगळं," मी म्हटलं. "पण तीनशे लिटरचं हे धूड ठेवणार कुठे? तुमच्याकडे तर जागाच नाही."

"तुमच्या टीव्हीच्या जागी."