दगडावरची म्हातारी

रविवारी पुंडलिकनगरात कुकरच्या शिट्ट्या सुरू व्हायच्या आत तनुजा स्कूटी काढायची. पाठीवर कॅमेरा, पुढ्यात स्टँड आणि डब्यात बोटभर उंचीची एक म्हातारी. तांब्याच्या तारेवर माती चढवून, चिंधीचं लुगडं नेसवून ती तिनंच घडवलेली. शहरालगतच्या सातारा डोंगराच्या पायथ्याशी एका पसरट दगडावर म्हातारीला उभं करायचं, फोटो काढायचा, पाऊल केसभर पुढं सरकवायचं, पुन्हा फोटो. ते सगळे फोटो भराभर दाखवले की म्हातारी चालायला लागायची. सबंध सकाळ खपून हाती लागायची वीतभर चाल.

आठवडाभर ती चिकलठाण्याच्या एका कारखान्यात खोक्यांवरची लेबलं कॉम्प्युटरवर जुळवायची. लग्न मोडल्यापासून एकटीच राहत होती. माहेर वैजापूरला. वडील, तात्यासाहेब, फोनवर कांद्याचं, पाण्याचं बोलायचे आणि शेवटी म्हणायचे, "तू तिकडंच बरी आहेस." धाकट्या भावाला स्थळं येत होती. पाहुण्यांपुढं ती नको होती, हे तिला न सांगता कळायचं. सुट्टीचे दिवस असे जायचे की सोमवारी ऑफिसात पहिला शब्द बोलताना तिचा आवाज घोगरा निघायचा.

त्या रविवारी म्हातारी दगडाच्या कडेला पोचली होती. तनुजा कॅमेऱ्यावर वाकली आणि तेवढ्यात कावळ्यानं झडप घातली. म्हातारीला चोचीत धरून तो बाभळीवरून घळीत उतरला.

तनुजा ओरडत मागं धावली. काट्यांनी हात सोलले तरी ती झुडपं उचकत राहिली.

"काय हरवलं गं माय?" शेरडं चारणारी एक बाई वरून विचारत होती.

"बाहुली," तनुजा म्हणाली. म्हणताना तिलाच लाज वाटली.

बाई हसली नाही. खाली उतरून काठीनं पालापाचोळा चाळायला लागली. सरूबाई तिचं नाव. ऊन चढेस्तोवर दोघींनी घळ पालथी घातली, पण म्हातारी सापडली नाही.

सावलीला बसल्यावर तनुजानं तिला कॅमेऱ्याच्या पडद्यावर झालेलं काम दाखवलं.

"व्हय की! चालतीय की ही!" सरूबाईनं ते तीनदा पाहिलं. मग म्हणाली, "लई चालली बया. पर वाटंत हिला कुणीच कामून भेटत नाय?"

तनुजानं कॅमेरा बंद केला. "दोघींना हलवायचं म्हणजे दुप्पट वेळ, मावशी. तोवर ऊन सरकतं, सावल्या बदलतात."

"मंग नको हलवू. बसव दोघींला."

आठवड्यात तनुजानं नवी म्हातारी केली आणि तिच्यासोबत आणखी एक बाई, काठी घेतलेली, रुंद नाकाची. रविवारी ती दोघींना घेऊन गेली आणि शेरडांची वाट बघत बसली. कुणी आलं नाही. पुढच्या रविवारीही नाही. शेवटी दुपार कलल्यावर लाकडं नेणाऱ्या एका म्हाताऱ्याला तिनं विचारलं.

"सरूबाई? ती गेली की लेकीकडं. शेरडं इकली समदी."

"कोणत्या गावाला?"

"ते काय ठावं नाय."

तनुजा दगडापाशी परतली. दोघींना शेजारी शेजारी बसवलं आणि फोटो काढायला सुरुवात केली. हलवायचं काहीच नव्हतं. थोड्या थोड्या वेळानं बटण दाबायचं, एवढंच. वारा सुटला तशी दोघींना आडोसा म्हणून ती दगडाला टेकून बसली.

घरी येऊन तिनं ते चालवून पाहिलं. दोघी जागच्या हलत नव्हत्या. त्यांच्या सावल्या तेवढ्या लांब होत दगडावरून खाली उतरत होत्या. एका बाजूनं तिचीही सावली चौकटीत शिरली होती. असले फोटो ती नेहमी काढून टाकायची. हे मात्र तिनं राहू दिले.