कस्तुराबाईची हीर

पोखर्णीच्या शिवारात कस्तुराबाईची विहीर होती. त्याच विहिरीनं तिचा नवरा खाल्ला होता. खोदताना कातळ लागला, सुरुंग लावले, एक उडाला नाही. तो बघायला रंगनाथ खाली उतरला अन् तेवढ्यात सुरुंग फुटला. लोक म्हणाले, बुजवून टाक. तिनं अंगावरचे दागिने मोडून काम पुढं नेलं. पाणी लागलं त्या दिवशी ती काठावर बसून ढसाढसा रडली. मग त्या पाण्यावर तिनं मोसंबीची बाग उभी केली.

बहात्तर साली पावसानं दगा दिला. उन्हाळ्याच्या तोंडाला गावचा आड आटला, ओढ्यातले झरेही गेले. पाणी राहिलं ते फक्त कस्तुराबाईच्या विहिरीला. एक दिवस बांधावर जीप थांबली. तहसीलदार उतरले, मागं तलाठी भुजंगराव.

"आक्का, आजपासून इंजिन चालवायचं न्हाई. पाणी गावाला प्यायला," भुजंगराव म्हणाला.

"हीर कुनाची हाय? माज्या मालकाचा जीव गेलाय हितं!"

"विहीर तुमचीच राहील, बाई," तहसीलदार हळू बोलले. "पण गाव तहानेनं तडफडत असताना एकाच्या मालकीला मर्यादा येते. कायदा तसा आहे."

"अन् माजी झाडं?"

तहसीलदारांनी खूण केली. इंजिनाचा पट्टा काढून शिपायानं जीपमध्ये टाकला.

दुसऱ्या दिवसापासून गाव लोटलं. बौद्धवाड्यातली सरजाबाई जुन्या सवयीनं लांब उभी राहिली, तेव्हा भुजंगरावानं तिला सगळ्यांच्या रांगेत घेतलं. कस्तुराबाईला तेही रुचलं नाही.

पानं गळायला लागली तशी तिला राहवेना. रंगनाथानं विहिरीआधीच हौसेनं मोसंबीचं एक रोप लावलं होतं. भरदुपारी तिनं घागर भरली आणि त्या झाडाच्या आळ्यात ओतली. मागं सरजाबाई उभी होती, रिकामी घागर घेऊन.

"माय, आमच्याकडं लेकरं तहानेली हायत. तुमी झाडाला पानी घालायलाव?"

"माज्या हिरीचं हाय!" कस्तुराबाई खेकसली.

सरजाबाई रांगेकडं वळली. पुढं कितीतरी दिवस कस्तुराबाईला तिच्याकडं बघवलं नाही. ते झाडही वाळलंच.

पुढच्या साली पाऊस आला. पट्टा परत मिळाला, विहीर मोकळी झाली. बाग तोडून सरपण झालं होतं. तिनं तिथं ज्वारी पेरली. मोसंबी पुन्हा लावली नाही.

देवळात शेजारची नर्मदाबाई एकदा म्हणाली, "कस्तुरे, तू साऱ्या गावाची तहान भागवलीस. लय पुण्य लागलं."

"मी कुटं भागवली? मला कुनी इचारलंच न्हाई."

ती घरी आली, चूल पेटवली. विचारलं असतं तर आपण दिलं असतं का, हे मात्र तिचं तिलाही सांगता येईना. भाकरी थापता थापता तिचे हात थांबले, आणि तवा नुसताच तापत राहिला.