दार लावून दिलेली उत्तरं

जॉर्डनमधल्या इर्बिदच्या विद्यापीठात मानसशास्त्र विभागाची कारकुनी नऊ वर्षं केल्यावर अरीजला स्वतःच पदवी घ्यायची हुक्की आली. विषय निवडला साठीपुढच्या बायकांचा एकटेपणा. वीस प्रश्नांची लिंक फोनवर पाठवायची, नाव कुणी लिहायचं नाही. गुरुवारपर्यंत तीस उत्तरं आली नाहीत तर वर्ष वाया, असं तिचे मार्गदर्शक डॉक्टर मुनीफ यांनी बजावलं होतं. आली होती नऊ.

शेवटी तिनं शेजारच्या उम्म लुअय खालांना गळ घातली. खालांचा शब्द गल्लीत कुणी मोडत नसे. दुपारपर्यंत बावीस उत्तरं हजर! पण सगळी तासाभरात आलेली, आणि सगळ्यांत एकच सूर: एकटं वाटतं का? कधीच नाही, अल्हम्दुलिल्लाह. अरीजनं कपाळावर हात मारला. सकाळच्या कॉफीला जमलेल्या बायकांना खालांनी एकेक प्रश्न खणखणीत वाचून दाखवला होता. चारचौघींत आपलं दुखणं कोण सांगणार?

मुनीफांनी ती बावीस बाद केली. अरीज खालांकडे गेली आणि चाचरत म्हणाली, की प्रत्येकीनं आपापल्या घरी, दार लावून भरायचं.

“दार लावून? अगं पोरी, आधी बाईला कोंडायचं आणि मग विचारायचं, एकटं वाटतं का. वाटणारच की!”

“खाला, कॉफी संपल्यावर सगळ्या घरी जातात, तेव्हा दार लागतंच ना?”

खाला फोन पुढे करत म्हणाल्या, “पाठव परत.”

या खेपेला बावीस उत्तरं दोन दिवस एकेक करून येत राहिली, आणि एकासारखं दुसरं नव्हतं. पदवी मिळाली. मुनीफांनी विभागात कनाफा ही मिठाई वाटली. अरीजचा आनंद गगनात मावेना.

त्या बावीसांतल्या एका उत्तराखाली मात्र कुणीतरी लिहिलं होतं: ‘शुक्रवारी मुलं जेवून गेली की मी भांडी मुद्दाम हळू घासते.’

नाव न लिहिण्याचा नियम अरीजचाच, त्यामुळे ही कोण ते कळायला मार्ग नव्हता. म्हणून ती दर शुक्रवारी दुपारी खालांच्या बावीसजणींपैकी एकीच्या घरी जाते, थेट स्वयंपाकघरात शिरते आणि ओली भांडी पुसू लागते. गप्पा तिसऱ्या प्रहरच्या अस्रच्या नमाजापर्यंत रंगतात, आणि ती खुशीत घरी परतते.

चौदा घरं झाली. भांडी सगळ्याच हळू घासतात.