इंजिन बदललं, अर्थची तार राहिली

मंडळी, आज मन लई खचलंय, म्हणून लिहितेय.

मी शाळेची व्हॅन चालवते. आठ पोरींना रोज नेते-आणते. गेल्या महिन्यात जुनं इंजिन काढून दुसरं बसवलं, तेव्हापासून गाडी मधेच बंद पडायची. बॅटरी बदलली, स्टार्टर बदलला, फरक नाय.

आज सकाळी छावणीत परत बंद पडली. पोरींना रिक्षानं शाळेत पाठवलं आणि जवळच्या सलीमचाचांना बोलावलं. चाचा जुने वायरमन. त्यांनी एक जाड वायर बॅटरीपासून इंजिनला टेकवली आणि म्हणाले, "मार सेल्फ."

गाडी एका झटक्यात सुरू! मला रडूच आलं.

"बेटा, इंजिन बसवणाऱ्यानं अर्थची तार, म्हंजे इंजिनातून करंट बॅटरीला परत नेणारी जाड वायर, जोडलीच नाय," चाचा म्हणाले. मग त्यांनी डॅशबोर्ड खोलला आणि मला आत बघायला लावलं. महिनाभर सगळा करंट बारीक तारांतून परत जात होता. तारा वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या.

"नवी वायरिंग टाकू ना, चाचा."

"या गाडीची आता कुठं मिळत नाय. मी जोडजाड करून देईन, पण आत पोरी बसणार. आग लागणार नाय, असा भरोसा मी नाय देऊ शकत."

दुपारी आठही घरी फोन करून दुसरी गाडी बघायला सांगितलं. एक आई म्हणाली, "ताई, माझी पोरगी दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसतच नाय हो."

उद्या रोजच्यासारखी सहाला जाग येईलच. उठून काय करायचं असतं, कुणी सांगाल का?