चपला काढून प्लॉट दाखवणारा

गोंदियाच्या औद्योगिक वसाहतीच्या कार्यालयात मी कारकून. प्लॉट दाखवायला आमचा एक शिपाई जातो. धानाच्या बांधीत उतरावं तसा चपला काढून शिरतो.

पुण्याच्या एका कारखानदाराला साहेबांनी सवलती सांगून रस्त्यालगतचा प्लॉट जवळपास दिलाच होता. हा मधेच बोलला, "नोका घेऊ जी. पावसाळ्यात इथं पाणी साचून राहते. तो वरचा घ्या." साहेब लाल झाले. मलाही वाटलं, गेलं गिऱ्हाईक.

वरच्या प्लॉटवर आता त्याचा कारखाना आहे. परवा तो आणखी जागा बघायला आला. साहेबांनी फाईल उघडली, तर म्हणाला, "आधी तुमच्या शिपाईकाकांना बोलवा."

मीच छाती फुगवून बोलवायला गेलो. प्लॉटच्या कडेला पाहुण्यानं स्वतःहून बूट काढले.

"मोजे बी काढा जी," आमचा माणूस म्हणाला. "मोज्यातून जमीन समजत नाही."