पळवायची का फिरवायची

ह्यांच्या हृदयाच्या ऑपरेशननंतर आम्ही दोघं पहिल्यांदा बाहेर पडलो ते थेट गॅरेजमध्ये. आमच्या जुन्या गाडीचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे इंजिनाला वेळेवर ठिणगी पोचवणारा भाग, कामातून गेला होता. मिस्त्रींनी दोन नवे समोर ठेवले.

"ह्यो मेकॅनिकल. नुसता इंजिनाचा वेग बघतोय. पळवायला झकास. आणि ह्यो व्हॅक्यूमवाला. पाय हलका ठेवला की ओळखतोय, पेट्रोलपण कमी खातोय. सांगा साहेब, गाडी पळवायची का फिरवायची?"

घाटात पुढची गाडी मागे टाकल्याशिवाय ह्यांना चैन पडत नसे. 'पळवायची' म्हणाले तर तिथंच भांडायचं, असं मी मनाशी ठरवलं.

ह्यांनी मेकॅनिकल हातात घेतला, अंगठ्यानं पुसला आणि परत ठेवला.

"फिरवायची," हे म्हणाले.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. मला हवं तेच झालं होतं, तरी मला हायसं वाटेना. जपा, जपा असं आपण माणसाला रोज सांगतो, आणि तो खरंच जपायला लागला की आपलेच हातपाय गार पडतात. त्यानं थोडं तरी ऐकू नये, असं वाटत राहतं.

"दुखतंय का कुठं?" मी हळूच विचारलं.

"नाही गं," म्हणत हे बाकावर टेकले. गाडीचं काम चालू असताना ह्यांना बसलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं.